तिसरं इंजेक्शन

(सातपूर. कंपनीतून निवृत्त झालेले खंडेराव खाटेवर बसलेत. लेक साधना चपला न काढताच आत आली आहे.)

साधना : म्हणजे परवा तुम्ही दवाखान्यात गेलाच नाहीत?

खंडेराव : गेलो व्हतो. दारातून माघारी आलो.

साधना : आणि मला फोनवर म्हणालात, तिसरं इंजेक्शन झालं! आबा, तुम्हाला चावलेलं ते कुत्रं आज सकाळी मेलं. शेजारच्या नवसाबाईंनी कळवलं मला.

खंडेराव : मरनारच. कुत्र्यांनाबी तेच टोचतात. ग्रुपवर व्हिडिओ आलाय, हे बघ...

साधना : नाही बघायचा मला. उठा. पाचला दवाखाना बंद होतो.

खंडेराव : त्या बाटलीत काय हाय, तू पाह्यलं? मी तीस वर्षं मायक्रोमीटर लावल्याबिगर एक पीस पास केला नाय. न पाह्यलेलं खरं मानायचं कसं?

साधना : पोटरीवरचे दात तरी पाहिलेत ना?

खंडेराव : ते खरं. पुढचं सगळं ऐकीव. विचार कर पोरी, आपन ज्याला खरं म्हनतो, त्यातलं निम्मं कुनीतरी सांगितलेलंच असतं.

साधना : हे सगळं गाडीवर सांगा.

खंडेराव : तुझ्या आईचंबी तसंच.

साधना : आईचं काय आता?

खंडेराव : करोनात मी आत, ऑक्सिजनवर. पंधरा दिवसांनी बाहेर आलो, तर म्हने अंबूबाई गेली. प्लास्टिकात गुंडाळली, जाळली. तोंड कुनी पाह्यलं? मग ती तीच व्हती कशावरून? ग्रुपवर एकजन सांगतो, लय लोक दुसरीकडंच नेले.

साधना : म्हणून तुम्ही दिवसभर ते बघत बसता?

खंडेराव : अजून दार वाजलं की वाटतं, तीच आली.

साधना : आबा... मी पाहिलं होतं.

खंडेराव : काय?

साधना : आईचं तोंड. सिस्टरनं मला एकटीला आत नेलं, पिशवीची चेन उघडून दाखवलं.

खंडेराव : आन् मला बोलली नाय?

साधना : डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका, त्यांना झेपणार नाही. मग दिवस निघून गेले. तो विषय काढायचीच भीती वाटायला लागली.

खंडेराव : सगळ्या जगावर संशय घेतला मी. तुझ्यावर कधी घेतला नाय.

साधना : हो. मीच लपवलं.

खंडेराव : तीच व्हती?

साधना : तीच. हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. तोंड जरासं उघडं राहिलेलं. मी मिटवलं.

खंडेराव : गार व्हती?

साधना : मोजे होते हातात. पण गारच असावी.

खंडेराव : (मोबाइल खाटेवर पालथा ठेवतात.)

साधना : साडेचार झाले, आबा. डॉक्टरांना फोन केलाय मी. आज गेलो तर चालेल म्हणाले. चला ना.

खंडेराव : तो सदरा दे खुंटीवरचा.

साधना : हा घ्या. हात घाला. दुसरा.

खंडेराव : साधना, केस विंचरलेले व्हते का गं तिचे?

साधना : नाही आबा. तेवढा वेळ दिला नाही त्यांनी.