पाणी आटते, मीठ नाही

तुम्ही हसाल, पण बालाघाटात समुद्र आहे. माझ्या खोलीत, काचेच्या टाकीत. रत्नागिरीचं कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, तिथला समुद्र मात्र सुटला नाही. म्हणून ही टाकी आणि तिच्यात एक प्रवाळ. मागे ते फुलायचं बंद झालं, मिटून पडलं. दिवा तपासला, पंप तपासला, शेवटी पाण्याचा खारेपणा मोजला तर भलताच वाढलेला.

"बाबा, टाकीत मीठ कोणं टाकलं?"

"म्या. पाणी कमी दिसलं का तुह्या डब्यातलं मीठ घातलेलं पाणी ओततो. समुद्र आहे ना तो?"

बापाला झापायची संधी मी सोडत नाही.

"पाणी आटते, मीठ नाही आटत. जन्मभर शाळेत पोरायले विज्ञान कोणं शिकवलं, शेजाऱ्यानं?"

मी मगानं टाकीतलं खारं पाणी काढून थोडं थोडं आरओचं साधं पाणी घालत बसलो. रोज असं केलं की प्रवाळ सावरतं. तेवढ्यात बाबांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"खरा समुद्र असाच लागते का बे?"

"तुम्ही पाहिलाच नाही?"

"शाळेले सुट्टी लागली का कटंगीले आपल्या धानाच्या शेतावर जात होतो. तुह्या डिग्रीच्या दिवशी येणार होतो रत्नागिरीले."

कॉलेजवरून आमची इतकी भांडणं झाली, त्यात बाबा हे एकदाही बोलले नव्हते.

आठवड्यानं प्रवाळ उघडलं. बाबा टाकीसमोर खुर्ची ओढून बसले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "याच्यात लाट नाही येत का?"