मोरनीची उलटी मालीश

डॉक्टर : थांबा, थांबा बेबाबाई! घोडीचा पाय असा वरून खाली ओढत चोळू नका.

नाना : अशीच चोयतस डॉक्टरबाई. मानपाईन खुरलगून. मना बाप बी अशीच चोये.

डॉक्टर : पण खालीच का?

नाना : काबर म्हंजे? नजर खाले उतरस, खुरमातून जमीनमा निंघी जास. खालतून वर चोयं तं नजर डोकामा चढी जाई ना!

डॉक्टर : घोडीला नजर कोणाची लागली?

नाना : सारा बठ्ठा धरणगावनी! गौतमचंदशेठना पोऱ्यानी वरात व्हती. मोरनी अशी नाचनी, अशी नाचनी, बँडवाला बी थकी गया. आनि मांडवना तोंडवर गच्च उभी ऱ्हायनी. पाय उचलेच ना. नवरदेव खाले उतरीसन पायी गया. लोके हासनात डॉक्टरबाई. बाया तोंडले पदर लाईसन हासन्यात.

बेबाबाई : तेव्हापासून नाना धड जेवलेले नाहीत. आणि काल जाऊन रतिलाल व्यापाऱ्याला शब्द देऊन आले. आज दिवस बुडायच्या आत तो टेम्पो घेऊन येईल, मोरनीला सारंगखेड्याच्या जत्रेत नेऊन विकेल.

नाना : मंग काय करू? पाय देखा तिना, हत्तीसारखा सुजेल शेतस. नाचनं सरनं तिन्हं.

डॉक्टर : तरी मला बोलावलंत.

नाना : मी कोठे बलावं? हाई मनी सून, दीपनगरनी कॉलनीमा वाढेल. सासराले इचारस का ती?

बेबाबाई : विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. मग न विचारलेलंच बरं.

डॉक्टर : आता आलेच आहे तर बघते. मी असोद्याच्या शालिग्राम मास्तरांची मुलगी, तपासल्याशिवाय लुनाला किक मारणार नाही. ये गं मोरनी. लाथ मारते का ही?

बेबाबाई : फक्त नानांना.

नाना : लाड शेतस ते तिना.

डॉक्टर : मागचे दोन्ही पाय सारखेच सुजलेत. गरम लागत नाहीत. दाबलं तरी पाय ओढून घेत नाही. हे बघा, बोट दाबलं की खळगा राहतो. हाड मोडलेलं नाही, पायात पाणी साचलंय. नाना, वरातीच्या आधी हिला काय काम होतं?

नाना : काम? चातुर्मासमा लगीन कोठे ऱ्हातस? देव बी झोपेल ऱ्हास. निंबना खाले बांधी ठेवं मी तिले. सकाय-संध्याकाय भिजेल हरभरा, वर गूळ. राणीसारखी ठेवं.

डॉक्टर : चार महिने एकाच जागी?

नाना : एक पाऊल चालू दिधं नही!

डॉक्टर : झालं तर मग. नाना, इथे हात लावा. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, दोरखंडासारख्या नसा आणि कातडं. इथलं रक्त वर ढकलायला मांसाचा जोर नाही. म्हणून खुराच्या आत गादीसारखा एक भाग असतो. पाऊल टेकलं की तो दबतो आणि रक्त वर चढतं. उचललं की पुन्हा भरतो.

नाना : म्हंजे पानीनी हापशी.

डॉक्टर : हापशीच! मला कॉलेजपासून सुचत नव्हतं, याला मराठीत काय म्हणावं.

नाना : आनि मी चार महिना हापशी बंद ठेई.

बेबाबाई : वरून हरभरा.

डॉक्टर : आणि मग एकदम बँड. कंबरेचं आणि मांडीचं मांस आकसलं, पाऊल उचलवेना. तिनं तुमची फजिती नाही केली नाना, तिला जमलंच नाही. आता तुम्ही वरून खाली चोळता, म्हणजे जे पाणी वर जायचं तेच खाली लोटता. हात खुराकडून वर न्यायचा, काळजाच्या दिशेनं. हलका, पुरीची कणीक मळतो तसा जोर नको.

नाना : ते बठ्ठं खरं. पन नजर?

डॉक्टर : नजरेचं मला कॉलेजात शिकवलं नाही.

बेबाबाई : नाना, नजर मी मीठ-मिरचीनं वेगळी उतरवते. वरून खाली, तुमच्या पद्धतीनं. चुलीत टाकते. ती गेली की मालीश खालून वर. मग चढायला नजर राहिलीच कुठे?

नाना : ...चालस का डॉक्टरबाई असं?

डॉक्टर : चालेल. मिरची मात्र घरातल्या चुलीत टाका. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, सगळा नाकावर कारभार. धूर लागला तर माझा दवाखाना इथेच उघडावा लागेल.

(मीठ-मिरच्या चुलीत तडतडतात. मग बेबाबाई मोरनीच्या मागच्या पायाशी बसते आणि खुरापासून वर हात फिरवू लागते.)

डॉक्टर : असंच. आता नाना, आयाळ संपते तिथे, खांद्यांच्या मध्ये, खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. आणि ही नळी कानात घाला, टोक मी हिच्या छातीवर धरते.

नाना : मी? कानमा? ...अरे बाप! कोन ठोकी राहिनं?

डॉक्टर : मोरनीचं काळीज. खाजवत राहा, थांबू नका.

नाना : थांबा, बोलू नका कोनी. ...बेबा, हळू पडी राहिनं वं! देख, आजून हळू!

डॉक्टर : तिथे हात फिरला की घोड्याची धास्ती उतरते, ठोके संथ होतात. तिचा खालचा ओठ बघा.

बेबाबाई : लोंबलाय! पुरणपोळी जेवलेल्या जावयासारखा.

डॉक्टर : आता नळी पोटावर धरा, बरगडीच्या मागे.

नाना : आठे तं ढग गडगडी राहिनात!

डॉक्टर : गडगडले पाहिजेत. घोडा घाबरला की आतडी गप्प होतात. पोटही अंगाबरोबर सैल होतं.

नाना : नऊ वरीस व्हयनात डॉक्टरबाई. चाल देखी, नाच देखा, दात देखात. इतला आत मी कधी गयाच नही.

बेबाबाई : नाना, नळी द्या आता त्यांची.

नाना : जरासं थांब.

डॉक्टर : राहू द्या. पण एक खरं सांगते. मालीशनं तिला बरं वाटेल, सूज ओसरायला मदत होईल. खरं औषध चालणं. रोज सकाळ-संध्याकाळ मऊ जमिनीवर हळूहळू फिरवा, हरभरा कमी करा. आणि सध्या नाच बंद. पुढे पहिल्यासारखी नाचेल का, ते मी आज सांगू शकत नाही.

नाना : आनि नहीच नाचनी तं?

डॉक्टर : तर नवरदेवाला गुमान मांडवापर्यंत नेईल.

बेबाबाई : निम्मे नवरदेव तर देवाला तेच मागत असतात.

नाना : मोरनी नाचस, म्हनीसन लोके मनं नाव लेतस. चिंधानी घोडी म्हनतस.

बेबाबाई : नाना... हॉर्न वाजला. रतिलालभाऊंचा टेम्पो आलाय.

नाना : आयकू उना.

बेबाबाई : तुम्ही शब्द दिलाय. काय सांगू त्यांना?

नाना : सांग, चिंधा म्हतारानी जबान फिरी गयी. लबाड म्हन. बठ्ठी जत्रामा सांगू दे त्याले. घोडी इकाऊ नही.

बेबाबाई : मी सांगू? तुम्हीच सांगा ना तोंडावर!

नाना : माले कोठे येळ शे? डॉक्टरबाईनी आत्तेच सांगं ना, फिरावा म्हनीसन? दोर सोड.

डॉक्टर : नाना, दार तिकडे आहे. मागच्या कुंपणातून कुठे निघालात?

नाना : तठली जमीन मऊ शे.

बेबाबाई : आणि रतिलालभाऊ बसूनच राहिले तर?

नाना : चहा दे त्याले. ...चाल मोरनी. हळू, माय, हळू. आपले काय घाई नही.