न पिता सोडलेला चहा

...आणि वर मलाच विचारतात, "तांबटशेट, घोटभर घ्या की, चहानं काय होतंय?" काय होतंय? अहो, तुम्हाला सांगतो, चहानं काय होतं हे अख्ख्या तांबट आळीत मला एकट्यालाच ठाऊक नाही, कारण चहा मी सोडलाय… कधीही न पिता!

झालं असं, मागच्या सिंहस्थात आम्ही जोडीनं रामकुंडावर गेलो. आता तीर्थात उभं राहून एक आवडती वस्तू जन्मभरासाठी सोडायची, ही आपली रीतच. उपाध्येबुवा म्हणाले, "यजमान, काय सोडता?" शेजारी आमचं कुटुंब, वत्सलाबाई, कारलं सोडून मोकळी झालेली, आणि नजर माझ्या कमरेच्या चंचीवर. तंबाखू सोडू? अहो, सकाळी चिमूटभर चुना-तंबाखू दाढेखाली गेल्याशिवाय माझं पोट हलत नाही, डोकं उघडत नाही, हातोडा भांड्यावर पडायचा तो अंगठ्यावर पडतो. मी आपला पटकन म्हणालो, "चहा." तेव्हा चहा म्हणजे वकिलांचं आणि साहेबांचं काम, आमच्या आळीत कोण पीत होतं? सोडलं पाणी आणि खुशीत घरी आलो.

आणि पुढच्याच थंडीत आळीच्या तोंडाशी चहावाल्यांची मोटार! वर तबकडी वाजतेय, आत बंब उकळतोय (कल्हई कच्ची होती, पण ते असो), आणि टोपीवाला हात हलवतोय, "आइए शेठजी, मुफ्त है, थकावट जाएगी, ताजगी आएगी." सगळी आळी प्यायली. आमचं कुटुंबसुद्धा. घरी आली ती पदर खोचूनच… फळीवरची भांडी उतरवली, चिंचेनं घासली, परत लावली, आणि तोंडाचा पट्टा असा की माझ्या हातोड्याला मध्ये पडायला जागा मिळेना. आता दुपारचा कप चुकला की तिचं कपाळ ठणकतं, मिळाला की "अहो, ऐकलं का" इतकं गोड म्हणते, काय सांगू. आणि तो वास… आलं, वेलदोडा… मी भिंतीकडे तोंड करून बसतो. करणार काय? चहा मी सोडलाय… कधीही न पिता!

बरं, तेही चाललं होतं. पण आमच्या लेकीचं, पुतळीचं, जमवायला पंचवटीत रंगनाथशेटांकडे गेलो. मुलगा गुणी, माणसं चांगली, पोरीनं घरी देवापुढे दिवा लावलेला. बोलणी जमत आली आणि समोर कपबशी. म्हटलं, "मला चालत नाही." रंगनाथशेटांच्या भिवया वर. "आमच्या घरचा चालत नाही का?" वत्सलाबाईचं कोपर माझ्या बरगडीत, "प्या हो, लेकीसाठी." हात कपापर्यंत गेलासुद्धा… पण गंगेत सोडलेलं परत उचलू कसं? ते लेकीच्याच संसाराला बाधायचं. सांगून टाकलं, "शेट, रागावू नका. सिंहस्थात रामकुंडावर सोडलाय."

रंगनाथशेटांची नजर माझ्या चंचीवर आली ती तिथंच थांबली. "निपाणीची का हो?" म्हणाले. मी चंची उघडली. त्यांनी डोळे मिटून असा लांब श्वास घेतला की मला वाटलं माणूस आता रडतो. म्हणाले, "मी तंबाखू सोडली, त्याच सिंहस्थात. पण मी पडलो भोळा… खात होतो तीच सोडली. तेव्हापासून दिवसभर या चहावरच जगतोय."

लग्न तिथंच ठरलं. आता रोज संध्याकाळी पूल ओलांडून व्याही आमच्या ओट्यावर येतात. ते पितात, मी वास घेतो. मी मळतो, ते वास घेतात. दोघांनाही तरतरी येते, दोघांचंही व्रत शाबूत. आणि पुढच्या सिंहस्थात काय सोडायचं, तेही आम्ही आत्ताच ठरवून ठेवलंय. दोघांनीही वत्सलाबाईच्या मागं उभं राहायचं, आणि म्हणायचं… कारलं.