रस्त्याकडंची बाज

घाटनांदूरच्या अलीकडं आमची वस्ती. तिथंच जन्मले, चौथीपर्यंत शिकले आन् पुढं सारा जन्म रानात गेला. दिवस भरत आले तरी उन्हात कापूस वेचला, पाच लेकरं झाली, पाचीबी सावळी, पाचीबी धडधाकट. थोरली लेक पुढं वारली, तिची पोर रमा मीच वाढवली. हे कावून सांगते, तर पुढचं तुमाला कळावं म्हणून.

रमाला नोकरदाराच्या घरी दिली. स्लॅबचं घर, खिडक्यांना पडदे. पोरीला दिवस गेले तशी तिची सासू, आमच्या विहीणबाई, म्हणल्या, उंबऱ्याबाहेर जायचं न्हाई, उन्हानं लेकरू काळं निपजतं. नवरा आईपुढं तोंड उघडत न्हाई. पोरगी पडद्याआड, हाडं दुखत्यात म्हणली तर म्हणं नाटकं करती. मी भेटायला गेलते, तर पोरगी पांढरीफटक, आन् या मला कवतिकानं दाखवतात, बघा कशी गोरी निघाली! माझीबी अक्कल शेण खायला गेलती, मी हसले. सातव्या महिन्यात अंगावर सूज आली, बीपी चढला, लेकरू गेलं. पोरगी तेवढी वाचली. विहीणबाई म्हणल्या, तुमच्या पोरीचं पोटच नासकं. काय सांगू तुमाला, ते बोलणं मी गिळलं न्हाई, दाढंखाली धरून ठेवलं.

औंदा परत दिवस गेले. दुसऱ्या महिन्यातच मी तिला घरी आणली, अंबाजोगाईला डॉक्टरीणबाईला दाखवली. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व पार तळाला. मी इचारलं, मागचं लेकरू यानंच गेलं का? ती म्हणली, आजी, निव्वळ यानंच गेलं असं म्हणता यायचं न्हाई, पण हे कमी असलं की बीपीचा आन् लेकरू अवेळी यायचा धोका वाढतो. औषध लिहून दिलं, आन् म्हणली, अंगाला ऊन लागू द्या. मला तेवढं लई झालं.

बाज मी रस्त्याकडंला टाकली. रोज रमा बाह्या वर करून उन्हात बसती, येणारा-जाणारा बघतो. बातमी पोचायचीच होती. विहीणबाई तणतणत आल्या न्यायला. मी त्यांना त्याच बाजंवर बसवलं, भर दुपारी. पाणी दिलं, सावली न्हाई दिली. पदर कपाळावर ओढत म्हणल्या, आत बसू की वो. म्हणलं, बसा हितंच, तुमच्या पोटात काय हाय काळं पडायला? रमा तोंडाला पदर लावून हसली, किती दिवसांनी. त्या गेल्या तणतणत, पोरीबिगर.

आता आठवा चालू हाय. बीपी ठीक हाय. माझं एकच मागणं, लेकरू कोळशावानी काळं होऊ दे, पण रडत येऊ दे. पयल्यांदा विहीणबाईच्याच मांडीवर देणार मी, समद्या वस्तीदेखत. आन् म्हणीन, नासक्या पोटाचं हाय, संबाळून धरा.