सुभेदारसाहेबांना हसू का आलं नाही

माझा सगळ्यात अवघड शो विचाराल, तर आमच्या साताऱ्यातलाच. माजी सैनिकांचा मेळावा होता. बाई एकटी माईक घेऊन विनोद सांगते, हे तिथं कुणी पाहिलं नव्हतं. माझे वडील, आण्णा, फौजेतले रिटायर हवालदार, तेही आले होते. "आज बघतो, मग ठरवू हे चालू ठेवायचं का न्हाई," म्हणाले होते.

सासूवरचा विनोद सांगितला, शांतता. सुट्टीवर आलेल्या फौजी नवऱ्याचा सांगितला, तरी शांतता. सगळ्यांचं लक्ष पहिल्या रांगेतल्या सुभेदारसाहेबांकडं. साहेब ओठ मिटून बसलेले, म्हणून अख्खा हॉल ओठ मिटून. आमचे आण्णासुद्धा.

शेवटी मी माईक घेऊन खाली उतरले. "आवं साहेब, एवढं वाईट हाय व्हय?"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. "लय झ्याक हाय पोरी. पण कवळी घरी ऱ्हायली, हसू कसा?"

माईकवरून सगळ्यांनीच ऐकलं. साहेब मागं वळले आणि ओरडले, "हसा रं!"

मग जे हसले, ते थांबेचनात.

घरी जाताना आण्णांना विचारलं, "मग, बंद करू का?"

"आता कसं बंद करतीस? पुढच्या खेपंला साहेब कवळी घालून येणार हायत."