अजून एक बाजार

(पाटोदा, निजामाच्या अमलातलं. धर्मराज जाऊन वर्ष होत आलं. त्याची मोटार तेव्हापासून पत्र्याखाली उभी. डायवर ख्वाजा तिच्या इंजिनावर वाकलेला. शेजारी धर्मराजची बायको कौशल्याबाई.)

कौशल्याबाई : काळं झालं म्हनून तेल टाकून द्यायचं का? काळं तर दुसऱ्या खेपंलाच होतं.

ख्वाजा : काळ्याचं न्हाई, भाभी. जरा बोटावर चोळून बघा.

कौशल्याबाई : ...खरखर लागतंय.

ख्वाजा : लोखंड झिजून उतरलंय त्यात. ह्या तेलावर मांजरसुंब्याचा घाट उतरायचा, बीडवरून उमापूर गाठायचं, जानकीच्या सासरी. येताना ती संगं. इंजिन जाम झालं तर तुमच्या दिवस भरलेल्या लेकीला रानात कुठं बसवू?

कौशल्याबाई : मग बैलगाडी सांगते.

ख्वाजा : गाडीचे हिसके नकोत, असं सुईन म्हनली. म्हनून तर तुमी मला बोलवलं. आता कावून अडवता?

कौशल्याबाई : त्यांच्या हातचं तेल हाय ते. ते जायच्या आधीच्या दिवाळीला घातलेलं. मग अंथरूनच धरलं त्यांनी.

ख्वाजा : मालूम हाय. तेलाला मला हात लावू द्यायचे न्हाईत. भाऊ उठले की बदलतील म्हनून मी बी तेच तेल चालवत राहिलो.

कौशल्याबाई : दोघांचं भांडन घरात ऐकू यायचं.

ख्वाजा : दर बाजारच्या खेपंला. मी म्हनायचो बदला, ते म्हनायचे अजून एक बाजार होऊ दे. अन् तेल चोळून बोट माझ्या नाकाशी धरायचे.

कौशल्याबाई : बोटं चोळायची सवयच लागली होती. एकदा जेवताना आमटी चोळून बघितली अन् म्हनले, अजून दोन दिस चालंल.

ख्वाजा : (हसतो) बोलले असतील.

कौशल्याबाई : आज असते तर काय म्हनले असते, ख्वाजाभाई?

ख्वाजा : दुसरं कुनी बसनार असतं तर, अजून एक बाजार. पन जानकी बसनार म्हटल्यावर न्हाई. ती लहान होती, कपिलधारच्या जत्रंला न्यायची होती. आदल्या दिवशी भाऊंनी चांगलं तेल काढून नवं घातलं. मी म्हनलो, ह्याला काय झालंय? तर म्हनले, पोर बसनार हाय बे.

कौशल्याबाई : मला बोलले न्हाईत कधी.

ख्वाजा : भाभीला सांगू नको म्हनले. चांगलं तेल वाया घालवलं म्हनून रागावंल.

कौशल्याबाई : रागावलेच असते. ...खाली घमेलं लावा. काढा ते.

ख्वाजा : नक्की?

कौशल्याबाई : काढा. सांडू नका पन. बैलगाडीच्या आसाला वंगन होईल.

ख्वाजा : जी. नवं ओतून जरा फिरवून बघतो, मग निघतो. उद्या सांजंपर्यंत पोर तुमच्या दारात.

कौशल्याबाई : मी बी येते.

ख्वाजा : तुमी? भाऊ गेल्यापासून तुमी शिवंच्या पल्याड गेल्या न्हाईत, भाभी.

कौशल्याबाई : न्हाई गेले.

ख्वाजा : मग मागची बैठक पुसून घेतो.

कौशल्याबाई : मागं जानकीला आडवं होऊ द्या. मी पुढं बसते.