आप्पांची काडेपेटी

हॅलो?... हॅलो, शितल? हां, बोल... हो गं, मी निर्मलाताईच, दुसरं कोण उचलणार! हळू बोलतेय, कारण आमचे सासरेबुवा ओटीवरच बसलेत. आणि आप्पांचे कान तुला माहितीयत...

नाही, खताचा ढीग आहे अजून. आजचा दिवस तेवढा आहे. उद्या अक्षयतृतीया, उद्या मात्र पेटवणारच म्हणून अख्ख्या पाड्याला सांगून मोकळे झालेत... हो ना! राब भाजल्याशिवाय भाताचं रोप धरत नाही म्हणे. बापजाद्यांनी पालापाचोळा जाळला, त्या राखेत पेरलं, आणि आता सून आलीय बुरशी पाळायला!

हसू नकोस. तुझ्या त्या पाला कुजवायच्या बुरशीच्या बाटलीपायीच झालंय हे सगळं...

अगं ऐक ना! तू सांगितलंस तस्सं केलं. मिरचीची वाळकी झाडं, नारळाच्या झावळ्या, पेंढा, सगळं तोडून थरावर थर... हो, शेणही... गुळाच्या पाण्यात बुरशी कालवून शिंपडली. आमचा लेक प्रविण तर बाटली ताकाची समजून कढी करायला निघाला होता! हातातून हिसकावली मेली.

काय?... अगं, मस्त झालंय! वरचं गोणपाट जरा उचललं की आत पांढरी जाळी, कापूस पिंजल्यासारखी. आणि ती मिरचीची खोडं, विळ्याला दाद देत नव्हती, ती आता बोटांनी मोडतात. म्हणून तर जीव तुटतोय माझा. होळीच्या आधीपासून पोरासारखा सांभाळलाय. तो जळला ना, तर या घरात परत कोणी माझं ऐकायचं नाही...

समजावलं की! "मला शेती शिकवू नकोस." संपलं.

परवा? परवा तर माणसं जमवून काडी लावली... पेटतोय कुठे! नुसता धूर. सगळे डोळे चोळत घरी. आप्पा आपले काडेपेटीलाच शिव्या देतायत, हल्लीच्या काड्यांत दमच नाही म्हणे... हो, मी मोगऱ्याला पाणी घालायच्या निमित्तानं ढिगावर मारलं होतं ना थोडं. पण इतका चिंब कसा राहिला, देव जाणे. दव पडलं असेल.

हो, हो... पण एक वैताग आहे. तळाशी झालेली काळी माती रोज थोडी गायब होते. शेजारच्या रखमीच्या कोंबड्या, आणखी कोण! काल चांगली भांडले तिच्याशी. तर मला म्हणते, "माझ्या कोंबड्या काय घमेलं घेऊन येतात?"... उर्मट नाही तर काय!

थांब, थांब... एक मिनिट. आप्पा उठले.

मागच्या दारी चाललेत... हातात बादली... नाही गं, रॉकेल कुठलं, पाणी सांडतंय... ढिगाकडेच! इकडेतिकडे बघतायत. थांब, खिडकीच्या आड होते...

अगं बाई!

पाणी शिंपडतायत!... ढिगावर गं, ढिगावर! अगदी बाळाला न्हाऊ घालावं तसं... आता गोणपाट सारखं केलं... आणि ते काय? घमेलं! शितल, घमेलं काढलं झुडपातून! खालची माती भरतायत... विहिरीकडे निघाले... त्यांच्या लाडक्या पानवेलीला!

तरीच! वर्षभर रुसलेली वेल, आता तळहाताएवढं पान आलंय. परवा मला म्हणाले, "हाताला गुण असावा लागतो, सूनबाई." दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे!

हसवू नकोस गं, पदर कोंबलाय तोंडात... आणि मी त्या रखमीशी भांडले! आता कुठल्या तोंडानं जाऊ?...

छे, तोंडावर नाही बोलायचं! पाड्यात काय इज्जत राहील म्हाताऱ्याची? एवढं मोठं बोलून बसलेत... पण जरा गंमत तर करू दे मला...

आले, आले. हात धुतायत. फोन ठेवू नकोस, नुसतं ऐक.

काय आप्पा?... काडेपेटी? उद्यासाठी? देते की! कोरडी देऊ की भिजवून?

अं? नको?... राहू दे म्हणता?... यंदा नाहीच भाजायचा?... बरं. चहा ठेवते...

आणि रखमीला पण चहाला हाक मारू म्हणता?... हो, मारते.

शितल, ठेवते गं!